सासर-माहेरची घडी बसवताना: काय, कधी आणि कोणी बोलायचं

लग्न ठरल्यापासून पहिलं मूल चालायला लागेपर्यंतचा काळ दोन्ही घरांच्या नात्यांसाठी फार नाजूक असतो. सणाला कोणाकडे जायचं, पगारातले किती घरात द्यायचे, सुनेच्या आईचा फोन आला की घरात कसं वातावरण असतं, हे सगळं याच काळात रुळतं आणि पुढे बदलायला फार कष्ट पडतात. मी भरल्या घरात सून म्हणून नांदले, आता माझ्या घरी सून आहे. नात्यातल्या लेकीसुना आणि एखाददुसरा जावईही मोकळेपणी बोलायला येतात. त्यांना जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे. लिखाण बहुतेक सुनेच्या बाजूने आहे, कारण आपल्याकडे घर बदलतं ते बहुधा तिचं. पण यातली निम्मी कामं नवऱ्याची आहेत आणि ती त्याने केली नाहीत तर बाकीचं काही टिकत नाही.

आधी एक गोष्ट वेगळी काढा

खाली लिहिलेलं सगळं रोजच्या कुरबुरींसाठी आहे. अंगावर हात टाकणं, माहेरून पैसे किंवा गाडी आणायला लावणं, पगार, दागिने, कागदपत्रं काढून घेणं, फोनवर बोलू न देणं, ही कुरबूर नव्हे. तिथे 'थोडं सांभाळून घे' असं सांगणारं माणूस कितीही जवळचं असलं तरी त्याचं ऐकू नका. हुंडा मागणं आणि देणं १९६१ पासून गुन्हा आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी सून तिथे नांदत असेल तर तिला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलं. मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, शिवाय पोलिसांचा भरोसा सेल आणि कायद्याने नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत. हे नंबर मुलीच्या फोनमध्ये लग्नाआधीच असू द्या.

लग्नाआधी: दोघांनीच बसून बोलायच्या गोष्टी

बस्त्याच्या आणि हॉलच्या गडबडीत ही बैठक राहून जाते. एक दुपार काढा, दोघंच बसा आणि पुढच्या प्रश्नांना सरळ उत्तरं द्या. कुठे राहणार, किती वर्षं? पगारातून घरात किती द्यायचे? मुलगी आपल्या आई-वडिलांना पैसे पाठवत असेल, भावाचं शिक्षण करत असेल, तर ते लग्नानंतर चालू राहणार, हे मुलाला आणि त्याच्या घरी आधी माहीत असायला हवं. घरात पाळीचे चार दिवस बाजूला बसायची पद्धत आहे का, आणि तिला ते मान्य आहे का? मांसाहार कोणत्या वारी चालतो? नवरात्रात घट बसतात का, उपवास कोणाकोणाला? नाव बदलायचं का? (कायद्याने सक्ती नाही. आडनावच काय, काही घरांत ताटातल्या तांदळावर पहिलं नावही बदलतात. तिला नको असेल तर लग्नाच्या दिवशी भटजींसमोर वाद होण्याआधी मुलाने घरी सांगून ठेवावं.)

मानपानाचं वेगळं. कोणाला साडी, कोणाला शर्टपीस, विहिणीची ओटी कशी भरायची, यावरून धरलेल्या अढ्या पुढे नातवाच्या बारशापर्यंत चालतात. दोन्ही बाजूंच्या मोठ्यांनी एकदाच समोरासमोर बसून यादी करावी किंवा आहेर दोन्हीकडून बंद ठेवावेत. 'तुमच्या इच्छेने करा' हे उत्तर कोणी दिलं तर गोड शब्दांत पुन्हा विचारा, कारण त्या इच्छेचा हिशोब नंतर होतो.

ज्याचे आई-वडील, त्याने बोलायचं

सगळ्या लेखातली एकच गोष्ट कोणी पाळली तरी पुरे, ती ही. अवघड निरोप आपापल्या घरी आपण द्यायचा. नवऱ्याच्या आईला जे खटकेल ते नवऱ्याने सांगायचं, बायकोच्या वडिलांना जे खटकेल ते बायकोने. कारण साधं आहे. पोटच्या पोराचं बोलणं आईला लागतं, तशी दोन दिवसांत विसरतेही. तेच सुनेच्या तोंडून आलं की वर्षानुवर्षं लक्षात राहतं, आणि त्यात आईचा काही विशेष दोष नसतो. नव्या माणसाच्या पाठीशी तीस वर्षांची माया अजून जमलेली नसते.

आता कसं बोलायचं. समजा दोघंही नोकरीवर सकाळी सातला निघतात आणि घरात अपेक्षा अशी की सुनेने निघण्यापूर्वी पोळ्या करून जाव्यात. मुलगा आईला म्हणाला, 'आई, तिला जमत नाही म्हणतेय', तर त्याने निरोप दिला, पण बायकोला पुढे उभं करून स्वतः बाजूला झाला. त्याने म्हणायचं ते असं: 'आई, सकाळी आम्हाला दोघांनाही सातला निघायचंय. पोळ्यांना बाई लावतो, तिचे पैसे मी देईन. भाजी मी रात्री चिरून ठेवत जाईन.' यात निर्णय 'आम्ही'चा आहे, पर्याय सोबत आहे आणि त्यात त्याचे स्वतःचे हात गुंतलेले आहेत. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. मुलगा स्वतः ओट्याशी उभा राहिला की घरातली निम्मी चर्चा आपोआप थांबते.

मुलीनेही आपल्या घरी हेच करायचं. आई रोज फोनवर विचारते, 'आज काय केलंस, त्यांनी काय केलं, तुलाच सगळं करायला लावतात का?' मायेने विचारते, पण लेकीचं मन त्यातून रोज थोडं कडवट होत जातं. 'आई, मला त्रास झाला तर मी तुला सांगीनच. रोज मात्र आपण दुसरं काहीतरी बोलू,' असं तिने एकदा स्पष्ट सांगावं. आणि सांगीनच म्हटलंय तर खरा त्रास झाला तेव्हा लपवू नये.

चुगली मात्र दोन्हीकडे वर्ज्य. 'आई तुझ्याबद्दल असं म्हणाली' हे वाक्य नवऱ्याने घरात आणूच नये. उलट कौतुक न्यावं. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, 'आमची सून हिशोबाला पक्की आहे', तर ते तिच्या कानावर त्याच दिवशी पडू द्या.

पहिले दोन-तीन महिने: बघा, विचारा, मग बदला

प्रत्येक घराची चव ठरलेली असते. पुण्याकडच्या मुलीला आमटीत गूळ आणि गोडा मसाला लागतो, कोल्हापूरच्या घरात कांदा-लसूण मसाल्याशिवाय पान हलत नाही, खानदेशात काळ्या मसाल्याची शेवभाजी. 'आमच्याकडे असं करतात' या वाक्याने स्वयंपाकघरात जितकी मनं दुखावतात तितकी मोठ्या भांडणानेही दुखावत नाहीत. सुरुवातीला त्या घरचा स्वयंपाक त्यांच्याच पद्धतीने शिकून घ्या, सासूबाईंना बाजूला बसवून विचारा, वहीत लिहून ठेवा. नंतर रविवारची एक वेळ मागून घ्या आणि आपल्या चवीचं करा. ओटा, डबे, फडताळं यांची मांडणी पहिल्या वर्षात बदलू नका. ती बाई त्या ओट्याशी उभी राहून म्हातारी झाली आहे.

घराचं वेळापत्रकही बघून ठेवा: सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा, दुपारची झोप, टीव्हीवरची ठरलेली मालिका. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर थेट खोलीत न जाता दहा मिनिटं बाहेर बसावं, चहा घ्यावा. या दहा मिनिटांनी होतं ते महिन्यातून एकदा बाहेर जेवायला नेऊन होत नाही, असा माझा अनुभव आहे.

सासू-सासऱ्यांसाठीही एक सांगते. सुनेच्या खोलीचं दार वाजवून आत जा. तिच्या नावाचं पार्सल उघडू नका. ती माहेरी जायचं म्हणाली की 'परत का?' विचारू नका. आणि नव्या सुनेला सगळ्यांसमोर चूक दाखवू नका. एकटीला, स्वयंपाकघरात सांगा.

नणंद, जाऊ आणि भावकी

लग्नात शंभर माणसं पाया पडून घेतात आणि दुसऱ्या दिवशी एकही आठवत नाही. नवऱ्याला घेऊन बसा आणि नात्यांचा कागद करा: आजेसासू, चुलत सासरे, आत्तेसासू, मावससासू, दीर, जावा, नणंदा आणि त्यांची मुलं. प्रत्येकापुढे लिहा की त्यांना काय म्हणायचं, ते कुठे असतात, कोणाशी बोलणं बंद आहे आणि कशावरून. शेवटचा रकाना नवऱ्याला लिहायला जड जाईल, पण नेमका तोच कामाचा. भावकीत बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून जुने वाद असतात. नव्या सुनेने किंवा जावयाने त्यात मत देऊ नये, सगळ्यांना सारखाच नमस्कार करावा.

नणंद ही त्या घरची माहेरवाशीण. ती चार दिवस आली तर तिला तिच्या आईबरोबर एकटं बसू द्या, तिची जुनी खोली तुमची झाली असेल तर तेवढे दिवस तिला द्या. तुम्हालाही माहेरी हेच हवं असतं. जावांमध्ये दुखावण्याचं कारण बहुतेक वेळा घरातली मोठी माणसं असतात: एकीच्या पोरांचं कौतुक, एकीच्या साडीचा पोत. आपण दोघींनी एकमेकींना थेट विचारायची सवय लावून घ्या, सासूबाईंमार्फत निरोप नकोत.

आमंत्रणांबद्दल थोडक्यात: तरुण मंडळींना व्हॉट्सॲपवरची पत्रिका चालते, पण सत्तरीच्या काकांना किमान फोन करा, जमलं तर घरी जाऊन अक्षत द्या. आणि कुटुंबाच्या ग्रुपवर वाद घालू नका, कोणी घातला तर उत्तर तिथे देऊ नका. ग्रुपवरचं वाक्य पुसता येतं, पण तोवर त्याचा फोटो भुसावळच्या आत्यापर्यंत पोहोचलेला असतो.

सणांचं वर्ष आधी मांडा

नात्यांची खरी परीक्षा सणांना होते. म्हणून गुढीपाडव्याच्या सुमारास कॅलेंडर घेऊन पुढचं वर्ष मांडून ठेवा आणि दोन्ही घरी एकाच वेळी कळवा. खानदेशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक माहेरी येते. बऱ्याच घरांत नवी नवरी आखाडात माहेरी जाते. नागपंचमीलाही माहेरची ओढ असते. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर, ती पहिली पाच वर्षं पूजतात. पहिल्या वर्षीची कोणाकडे करायची हे आषाढातच ठरवा, कारण हॉल, खेळ घेणाऱ्या बायका, फराळ सगळं लागतं.

गौरी-गणपतीत पेच जास्त. कोकणात खड्यांच्या गौरी, देशावर मुखवट्यांच्या, मराठवाडा-विदर्भात महालक्ष्म्या. कुठे घावन-घाटलं, कुठे सोळा भाज्या आणि पुरण. काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्यही असतो. घरची पद्धत लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते, त्यामुळे सासरची पद्धत 'चुकीची' वाटू शकते. पहिल्या वर्षी फक्त मदतनीस व्हा. दुसऱ्या वर्षी स्वतःहून एक काम अंगावर घ्या. माहेरी आई एकटीच गौरी करणारी असेल तर आवाहनाला किंवा विसर्जनाला तिकडे जाता येतं का, हे नवऱ्याने आपल्या घरी विचारावं.

दिवाळीची वाटणी तुलनेने सोपी: लक्ष्मीपूजन सासरी, भाऊबीज माहेरी. पहिल्या वर्षीचा दिवाळसण मात्र मुलीच्या माहेरी होतो, म्हणून त्या वर्षी दोन्ही घरांनी आपसांत दिवस बोलून घ्यावेत. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. तोवर निर्णय झालेला नसेल तर तिकीट तत्काळमध्ये शोधावं लागतं आणि चिडचिड नात्यावर निघते.

जावयाच्या सणांचा खर्च हा नाजूक विषय. संक्रांतीला हलव्याचे दागिने, अधिक महिन्यात चांदीच्या ताटात ३३ अनारसे, दिवाळसणाला अंगठी किंवा घड्याळ. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे धोंड्याचा महिना. ताज्या जावयांसाठी बाजार तेव्हा सजलेला असतो. माझं ठाम मत आहे की इथे जावयाने स्वतः पुढे होऊन सासऱ्यांना सांगावं: 'अनारसे नक्की खाईन, सोनं-चांदी काही नको.' आणि आपल्या आई-वडिलांना आधी सांगावं की तिकडून काय आलं हे कोणी विचारायचं नाही. मुलीच्या बापाने कर्ज काढून केलेला मान कोणालाच पचत नाही.

पैसे, दागिने आणि बहिणीचा हक्क

लग्नात, आधी किंवा नंतर स्त्रीला मिळालेले दागिने, रोख, वस्तू हे तिचं स्त्रीधन. ते सासरी ठेवायला दिलं म्हणून सासरचं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलं आहे. दागिन्यांचे फोटो आणि पावत्या यांची यादी करा, लॉकर तिच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर घ्या. हे अविश्वासाने करायचं नाही, पहिल्याच महिन्यात बाकी कागदपत्रांबरोबर सहज करून टाकायचं.

घरखर्चासाठी ठरलेली रक्कम दर महिन्याला ठरलेल्या तारखेला द्या, शक्यतो खात्यावर. 'लागतील तसे घे' या व्यवस्थेत देणाऱ्याला वाटतं आपण खूप देतो आणि घेणाऱ्याला दर वेळी हात पसरल्यासारखं होतं. दिराला, मेव्हण्याला उसने द्यायचे तर एका मर्यादेपुढे दोघांच्या संमतीनेच द्यायचे आणि परत आले नाहीत तरी आपला संसार हलणार नाही इतकेच द्यायचे.

सासरे गेल्यावर वारसनोंदीचा प्रश्न येतो आणि 'नणंद हक्कसोडपत्र करून देईलच' असं सगळे धरून चालतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, तेव्हा लग्न झालेल्या मुली मात्र त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर विवाहित-अविवाहित सगळ्या मुलींना तो आहे. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत असं नाही, हेही ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट झालं. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीतही मुलगा, मुलगी आणि त्यांची आई (म्हणजे सासूबाई) यांचे सारखे हिस्से. म्हणून भावाने बहिणीला सातबारा दाखवावा, मिळकतीची किंमत सांगावी, तिला वकिलाला विचारायला वेळ द्यावा. तिने हिस्सा ठेवला तर तो तिचा हक्क. तिने मनापासून सोडला तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. सही हवी म्हणून तिला राखीपौर्णिमेला बोलावू नका. आणि सुनेने या बोलण्यात पडू नये, ते भावा-बहिणींचं काम.

बाळ आल्यावर

पहिलं बाळंतपण माहेरी, ही जुनी रीत. आता डॉक्टर, नोकरी, नवऱ्याची रजा बघून ठरवतात. १० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले किती आठवडे कुठे, हे डोहाळजेवणाच्या आधी दोन्ही आयांना सांगा.

खरा वाद होतो बाळाच्या दुधा-गुटीवरून. सासूबाईंनी चार मुलं गुटी देऊन वाढवलेली असतात आणि डॉक्टर सांगतात पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. मध तर एक वर्षापर्यंत अजिबात नको, त्यातून लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. शेगडीच्या धुरीने छातीला त्रास होतो. हे सुनेने सांगितलं तर 'आम्ही काय मुलं मारली?' असं उत्तर येतं. यावर मला माहीत असलेला सर्वांत चांगला उपाय: बाळाच्या पहिल्या तपासणीला सासूबाईंना बरोबर न्या आणि गुटीचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. घरी आल्यावर मालिश, अंघोळ, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, अंगाई हे सगळं त्यांच्या हाती सोपवा. जे चालणार नाही ते दोन-तीन गोष्टींपुरतंच ठेवा.

वेगळं राहायचं ठरलं तर

भांडण विकोपाला जाण्याआधी वेगळं झालेलं बरं. घर जमलं तर चालत जाता येईल इतक्या अंतरावर घ्या, बातमी मुलाने द्यावी आणि तारीख ठरल्यावरच द्यावी. नव्या घराची एक किल्ली आई-वडिलांकडे ठेवायची की नाही, हे दोघांनी आधी ठरवा. दिली तर काढून घेता येत नाही.

आई-वडील थकल्यावर

२००७ च्या कायद्याप्रमाणे आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांची आहे. त्या व्याख्येत सून नाही. हे मुलांनी नीट वाचावं, कारण घरोघरी सेवा सुनेच्या वाट्याला येते आणि श्रेय-अपश्रेय भावंडं वाटून घेतात. कोणी एक आजारी पडण्याची वाट न बघता भावंडांनी बसून ठरवावं: पैसे कोण, रात्रीचं दवाखान्यात कोण थांबणार, रोजचं कोण बघणार. जो जवळ राहून बघतो त्याने पैसे कमी द्यावेत. परदेशातल्या मुलाने पैशांबरोबर वर्षातले काही आठवडे द्यावेत, म्हणजे बघणाऱ्या भावाला आणि वहिनीला गावाबाहेर जाता येईल.

तीन-तीन महिन्यांच्या पाळ्या लावून आई-वडिलांना फिरवू नका आणि आई एकाकडे, वडील दुसऱ्याकडे अशी वाटणी तर कधीही करू नका. त्यांना कुठे राहायचंय हे त्यांनाच विचारा. ज्येष्ठांसाठी मदतीचा क्रमांक १४५६७ आहे.

एकुलत्या एक मुलीच्या आई-वडिलांचंही याच बैठकीत बोला. त्यांच्या विम्याचे कागद, औषधांची यादी, डॉक्टरांचा नंबर जावयाच्या फोनमध्ये असावा. रात्री फोन आला तर कोणी निघायचं, घरी मुलांजवळ कोण थांबायचं, आणि त्यासाठी सासूबाईंना आधीच विचारून ठेवायचं.